रणरणत्या उन्हात फुलवेली जगवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळ्यात वेलींबद्दल येणारे बहुतेक प्रश्न पानांबद्दल आणि फुलांबद्दल असतात. पानं वाळली, कळ्या गळल्या, बहर थांबला. डोळ्यांना दिसतं तेच माणूस विचारणार. पण वेल वाचते की जाते, हे जमिनीखाली ठरतं. खालची जवळजवळ सगळी उत्तरं म्हणूनच फिरून फिरून मुळांपाशी येतात. उन्हाळाभर मुळं ओली आणि गार राहिली, तर वरचं सगळं जळालं तरी वेल पुन्हा उभी राहते.

दुपारी वेल पार माना टाकते, संध्याकाळी पुन्हा ताठ होते. पाणी कमी पडतंय का?

बहुतेक वेळा नाही. भर दुपारी पानांतून जितकं पाणी वाफ होऊन उडतं, तितकं मुळं त्या वेळात वर चढवू शकत नाहीत, मग माती ओली असली तरी. पानं लोंबकळली की त्यांच्यावर पडणारं ऊनही कमी होतं. वेलीने स्वतःला वाचवण्यासाठी केलेली ती सोय आहे. सूर्य कलला, हवा जरा निवली की पानं परत भरतात.

वेलींमध्ये हे जास्त दिसतं, त्याला कारण आहे. वेलीचं खोड बारीक आणि पसारा मोठा. एवढ्या पानांना पाणी पोचवायचं म्हणून तिच्या खोडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्या त्याच जाडीच्या झाडापेक्षा बऱ्याच रुंद असतात. त्यातून पाणी झपाट्याने चढतं, पण माती फार कोरडी झाली तर त्यात हवेचे बुडबुडे अडकून नळी बंद पडण्याचा धोकाही मोठा असतो. असं झालं की अख्खी फांदी शेंड्याकडून वाळत येते. त्यामुळे दुपारच्या कोमेजण्याला घाबरू नका, पण माती पार कोरडी होईपर्यंतही थांबू नका.

मग खरंच तहान लागली आहे, हे ओळखायचं कसं?

सकाळी बघा. रात्रभरात वेलीला सावरायला वेळ मिळालेला असतो. उजाडतानाही पानं मरगळलेली असतील, तर काहीतरी बिघडलं आहे. मग बोट मातीत पाच-सात सेंटिमीटर घाला. आत कोरडं लागलं तर पाणी हवं.

आत चिखल लागला, तर मात्र पाणी अजिबात घालू नका. हे नीट समजून घ्या, कारण उन्हाळ्यात कित्येक वेली तहानेने न मरता काळजीने घातलेल्या पाण्याने मरतात. सतत ओल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात, आणि कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत. वरून दिसतं अगदी तहानेसारखं. मालक आणखी पाणी घालतो आणि उरलीसुरली मुळंही जातात. बोट घालून पाहिल्याशिवाय पाणी द्यायचं नाही, एवढी एक सवय लागली तरी अर्ध्या वेली वाचतील असं मला वाटतं.

जमिनीतल्या जुन्या वेलीसाठी बोट पुरत नाही. एक लांब सळई घ्या आणि पाणी दिल्यानंतर दुसऱ्या दिवशी मातीत दाबा. ओल्या मातीत सळई सहज जाते, कोरड्या थराला लागली की अडते. ओल किती खोल गेली आहे ते लगेच कळतं.

रोज थोडं थोडं पाणी चांगलं की चार दिवसांनी भरपूर?

जमिनीतल्या वेलीला भरपूर आणि अंतराने. रोजच्या तांब्याभर पाण्याने वरचा दोन बोटं थर भिजतो, मुळं त्या ओलीकडे वर येतात, आणि नेमका तोच थर उन्हात सगळ्यात जास्त तापतो. पाणी खोल गेलं की मुळंही खोल जातात, जिथे माती गार असते आणि ओल टिकते.

पण ही सवय उन्हाळ्याआधी लावायची असते. ज्या वेलीला वर्षभर रोज थोडं पाणी मिळालं आहे, तिचं पाणी ऐन उन्हाळ्यात एकदम चार दिवसांवर नेलं तर ती कोसळेल. ऊन वाढायच्या दीड-दोन महिने आधीपासून पाळी हळूहळू लांबवत न्या आणि प्रत्येक पाळीचं पाणी वाढवत न्या.

भरपूर म्हणजे नक्की किती?

साधं गणित आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. २५ लिटर ओतलं तर २५ मिलिमीटर पावसाइतकं झालं. रेताड जमिनीत एवढं पाणी साधारण ३० सेंटिमीटर खोल जातं. चिकण मातीत त्याच्या निम्म्याहूनही कमी खोल जातं, पण तिथे ते टिकतं जास्त दिवस. म्हणजे रेताड जमिनीत पाळ्या जवळजवळ, चिकण जमिनीत लांब लांब. ओल ३०-४५ सेंटिमीटरपर्यंत पोचली तर मोठ्या वेलीचं भागतं.

पाणी एकदम ओतू नका. कडक वाळलेली माती पाणी आत घेत नाही, ते वरच्यावर वाहून जातं. आधी थोडं शिंपडून माती ओलावू द्या, दहा-पंधरा मिनिटांनी उरलेलं द्या. आळं खोडाला चिकटून करू नका. पाणी पिणारी बारीक मुळं खोडापासून लांब असतात, म्हणून आळं रुंद हवं आणि खोडाजवळची माती किंचित उंच. ठिबक असेल तर तासाला दोन किंवा चार लिटर टाकणारे दोन-तीन ड्रिपर वेलीभोवती पसरून ठेवा. एकच ड्रिपर बुंध्याशी ठेवला तर तिथे सडतं आणि बाकीची मुळं कोरडी राहतात.

जमिनीत पुरलेलं, झिलई न दिलेलं मातीचं मडकं हाही उत्तम उपाय आहे. गळ्यापर्यंत पुरायचं, पाणी भरायचं, तोंड झाकायचं. माती कोरडी झाली की मडक्यातून पाणी झिरपतं, ओली असली की झिरपणं मंदावतं. मुळं मडक्याला विळखा घालून बसतात. पाणी फार क्षारयुक्त असेल तर छिद्रं बुजतात, तेव्हा मडकं बाहेर काढून घासायचं किंवा बदलायचं.

पाणी कोणत्या वेळी द्यावं? दुपारी पानांवर थेंब पडले तर पानं भाजतात म्हणतात.

पहाटे किंवा सकाळी लवकर. तेव्हा माती गार असते, वाफ कमी होते आणि दिवसाच्या झळा सुरू होण्याआधी वेल पाणी भरून घेते. सकाळी जमत नसेल तर सूर्य मावळल्यावर द्या, पण तेव्हा पानं न भिजवता मातीतच द्या. रात्रभर ओल्या राहिलेल्या पानांवर बुरशी येते.

थेंब भिंगासारखे काम करून पान जाळतात, ही समजूत बहुतेक वेलींच्या बाबतीत खोटी आहे. हंगेरीतल्या संशोधकांनी २०१० मध्ये हे तपासून प्रसिद्ध केलं. गुळगुळीत पानावर थेंब पानाला इतका चिकटून बसतो की किरण एकवटायला अंतरच उरत नाही. दाट लव असलेल्या पानांवर थेंब लवेवर उंच तरंगतो, तिथे डाग पडू शकतो. म्हणजे दुपारी वेल खरंच मरायला टेकली असेल तर सकाळची वाट बघू नका, तेव्हाच मुळाशी पाणी द्या.

फक्त पाइपमधलं पहिलं पाणी सोडून द्या. उन्हात पडलेल्या पाइपात पाणी हात भाजेल इतकं तापतं आणि तेच मुळांवर गेलं तर नुकसान करतं.

कुंडीतल्या वेली जमिनीतल्यांपेक्षा लवकर का जातात?

कारण कुंडीला पाचही बाजूंनी ऊन लागतं. जमिनीतलं मूळ उष्णता टाळायला खाली जाऊ शकतं, कुंडीतलं मूळ कुठे जाणार? काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीची उन्हाकडची बाजू आतून ४५-५० अंशांपर्यंत तापू शकते आणि ४० अंशांच्या पुढे बहुतेक मुळांचं काम बिघडायला लागतं. उन्हाळ्यानंतर कुंडी उपसून पाहिलीत, तर एका बाजूची मुळं तपकिरी आणि पोकळ झालेली दिसतील. ती उन्हाची बाजू असते.

म्हणून वेलीला सावली देण्याआधी कुंडीला सावली द्या. वेल वर उन्हात राहू दे, कुंडीपुढे फळी लावा, गोणपाट गुंडाळा, दुसऱ्या लहान झाडांच्या कुंड्या पुढे मांडा. एका कुंडीत दुसरी कुंडी ठेवून मधल्या फटीत वाळू किंवा नारळाच्या शेंड्या भरल्या आणि त्या ओल्या ठेवल्या, तर आतली माती बरीच गार राहते. कुंडी फरशीवर किंवा गच्चीवर थेट ठेवू नका, विटांवर उचलून ठेवा. खालून हवा खेळते आणि तापलेली फरशी कुंडीला चटका देत नाही.

मातीची कुंडी की प्लॅस्टिकची? मातीच्या कुंडीच्या अंगातून पाणी पाझरून वाफ होतं म्हणून ती गार राहते, पण सुकते लवकर. प्लॅस्टिक ओल धरतं पण तापतं. रोज पाणी घालायला घरी कोणी असेल तर मातीची घ्यावी, नसेल तर फिक्या रंगाची प्लॅस्टिकची आणि सावलीत. आकाराबद्दल मात्र तडजोड नको. मांडवावर चढणारी वेल बारा इंची कुंडीत उन्हाळा काढू शकत नाही. १८ ते २४ इंच तोंडाची आणि तितकीच खोल कुंडी हवी.

कुंडीत रोज पाणी लागतं, अति उन्हात दोनदाही. तळातून पाणी निघेपर्यंत द्या. एक फसवणूक ओळखून ठेवा: पाणी ओतताच ते लगेच तळातून निघालं, तर ते मातीत मुरलेलं नसतं. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा शेणखत पार वाळलं की माती आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते आणि पाणी त्या फटीतून निघून जातं. वरून ओलं, आत ठणठणीत कोरडं. अशी कुंडी पाण्याच्या टबात अर्धा तास ठेवा. बुडबुडे यायचे थांबले की बाहेर काढून निथळू द्या. कुंडी उचलता येण्याजोगी नसेल तर थोड्या थोड्या वेळाने तीन-चारदा पाणी द्या आणि कडेची फट माती दाबून बुजवा.

मातीवर काय पसरावं आणि किती जाड?

वाळलेला पालापाचोळा, गवत, उसाचं पाचट, नारळाच्या शेंड्या, लाकडाचा भुसभुशीत चुरा, जे मिळेल ते. पाच ते आठ सेंटिमीटर जाड. खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी सोडायची, नाहीतर खोड दमट राहून कुजतं. आधी माती खोल भिजवायची आणि मग आच्छादन घालायचं. कोरड्या मातीवर जाड थर घातला तर हलकं पाणी त्या थरातच अडकतं.

सगळ्या उपायांत हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त गुणाचा आहे. उघडी माती उन्हात हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. झाकलेली माती सावलीत असते, तिच्यातली ओल वाऱ्याला लागत नाही, आणि काळ्या मातीला भेगा पडून त्यातून मुळं तुटायचंही टळतं. काळे दगड किंवा खडी मात्र पसरू नका. ते दिवसभर तापतात आणि रात्रभर ती ऊब मुळांना देत राहतात.

बुंध्याशी जमिनीलगत पसरणारी लहान झाडं लावली तरी चालतं, पण पाण्याची ओढाताण असेल तर नको. तीही पाणी पितातच.

शेडनेट लावावी का? किती टक्क्यांची?

ऊन आवडणाऱ्या वेलींना ३५ टक्क्यांची, म्हणजे तेवढं ऊन अडवणारी, पुरते, कुंडीतल्या आणि कोवळ्या वेलींना ५० टक्क्यांची. ७५ टक्क्यांच्या जाळीखाली वेल वाचेल, पण लांबट, लुसलुशीत वाढेल आणि फुलणार नाही. जाळी वेलीला टेकू देऊ नका. हातभर अंतर ठेवून उंच बांधा, म्हणजे मधून गरम हवा निघून जाईल. चारही बाजूंनी बंद केलेली जाळी म्हणजे भट्टी होते.

एकाच बाजूला लावायची असेल तर पश्चिमेला लावा. सकाळचं ऊन वेलीला हवंच असतं. दुपारी दोननंतरचं ऊन जाळतं, कारण तेव्हा हवा, भिंत, जमीन सगळंच तापलेलं असतं. गरम वारा वाहत असेल तर तोही अडवा. कोरडा वारा पानांभोवतीची दमट हवा सतत उडवून नेतो आणि वेलीची तहान वाढवतो.

भिंतीवर आणि लोखंडी जाळीवर चढवलेली वेल जळते आहे.

भिंत दिवसभर उष्णता पिते आणि रात्री सोडते. वेलीला रात्रीचा गारवा मिळालाच नाही, तर दिवसा साठवलेली साखर ती रात्री श्वसनातच खर्च करते आणि अशक्त होत जाते. आधाराची जाळी भिंतीपासून १०-१५ सेंटिमीटर पुढे घ्या, मागून हवा वाहू द्या. भिंतीला पांढरा रंग दिला तर ती कमी तापते, पण ऊन पानांवर परतवते. त्यामुळे अंतर ठेवणं हाच खरा उपाय.

लोखंडाला तणावे (वेल आधाराला धरते ते बारीक दोरे) आणि कोवळे शेंडे टेकले की करपतात. लोखंडावर काथ्याची दोरी किंवा ज्यूटची सुतळी गुंडाळा. नवा आधार करायचा असेल तर बांबू किंवा लाकूड घ्या.

वाळलेल्या फांद्या छाटू का?

पावसाआधी मोठी छाटणी नको. वरची करपलेली पानं कुरूप दिसतात, पण खालच्या पानांना आणि खोडाला तीच सावली देत असतात. ती काढली की आतापर्यंत सावलीत वाढलेलं कोवळं खोड एकदम उन्हात येतं आणि त्याची साल भाजून तडकते. शिवाय छाटणी केली की वेल नवे फुटवे काढते. ते कोवळे फुटवे सगळ्यात जास्त पाणी मागतात आणि सगळ्यात आधी जळतात.

मोडलेली, रोगट किंवा नक्की मेलेली काडी काढायला हरकत नाही. पानं गळून बुंधा उघडा पडलाच असेल तर त्यावर गोणपाट किंवा जुनं सुती कापड सैल गुंडाळा.

वेल अशक्त दिसते, खत दिलं तर सावरेल का?

नाही. ऐन उन्हाळ्यात खत म्हणजे जवळजवळ नेहमी नुकसान. रासायनिक खत हे क्षारच असतात. मातीत पाणी कमी आणि क्षार जास्त झाले की मुळांना पाणी ओढणं आणखी जड जातं, पानांच्या कडा करपतात. नत्राने कोवळी वाढ होते, ती तर नकोच आहे. ताजं शेणखत, कच्चं कंपोस्ट तर अजिबात नको, ते कुजताना स्वतः तापतं.

कुंडीच्या कडेवर पांढरा थर दिसत असेल तर वेलीला भुकेचा त्रास नाही, क्षारांचा आहे. एकदा कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट गोडं पाणी हळूहळू ओतून क्षार धुऊन काढा.

खत द्यायची वेळ उन्हाळ्याच्या आधी असते. पालाश (पोटॅश) असलेलं खत तेव्हा दिलं तर पानांवरची सूक्ष्म छिद्रं उघडण्या-मिटण्याचं काम नीट चालतं, आणि पाणी वाचवणं हे त्या छिद्रांवरच अवलंबून असतं. मुरलेलं गांडूळखतही तेव्हाच द्या.

कळ्या येतात आणि उमलण्याआधी गळतात. फुलंही लहान झाली आहेत.

हे वेलीचं शहाणपण आहे. पाणी अपुरं असलं की ती आधी कळ्या सोडते, मग फुलं, मग जुनी पानं, मग कोवळे शेंडे. खोड आणि मुळं शेवटपर्यंत धरून ठेवते. या क्रमात ढवळाढवळ करू नका. उलट फारच कठीण आठवडा असेल तर कळ्या आणि वाळत चाललेली फुलं स्वतः खुडा. मधुमालती, कृष्णकमळ, गोकर्ण यांच्यावर शेंगा किंवा फळं धरली असतील तर तीही काढा. बी पोसणं हे वेलीचं सगळ्यात खर्चिक काम असतं.

फुलवेल फुलावी असं कोणाला वाटत नाही? मलाही ती फुललेलीच आवडते. पण काही आठवडे हिरवी राहिलेली वेल पुढे महिनोन्महिने फुलते, हे लक्षात ठेवून धीर धरावा.

कोणत्या वेली असं ऊन खरंच सोसतात?

बोगनवेल सगळ्यात पुढे. मूळची दक्षिण अमेरिकेची. रंगीत दिसतात ती फुलं नसून फुलांभोवतीची पानं असतात, आणि मधली खरी फुलं लहान, पांढरट. कागदी असल्यामुळे ती रंगीत पानं उन्हात टिकतात. मुरलेल्या बोगनवेलीला जरा ताण दिला तर ती जास्त बहरते, आणि पाणी जास्त झालं की नुसती पानं काढते. उन्हाळ्यात फुलं हवीच असतील तर हीच लावा.

मधुमालती एकदा मूळ धरली की चिवट. संध्याकाळी पांढरं उमलणारं फूल पुढच्या दिवसांत गुलाबी आणि मग लाल होतं. कडक उन्हात हा रंगबदल घाईने उरकतो, पण वेल तग धरते. पिवळी अलामांडा आणि केशरी तुतारीवेल उन्हाला घाबरत नाहीत. निळ्या तुऱ्यांची पेट्रिया पहिली एक-दोन वर्षं नाजूक असते, नंतर भक्कम.

काही वेली दुष्काळ वेगळ्या पद्धतीने काढतात. गुलाबी झुपक्यांची अँटिगोनॉन ही मेक्सिकोची वेल, तिला जमिनीखाली कंद असतात. पाणी संपलं की वरचा सगळा भाग वाळवून टाकते आणि पाऊस आला की कंदातून फुटते. मोठ्या निळ्या फुलांच्या थनबर्जियालाही असेच गड्डे असतात. तिची पानं रुंद, पातळ, म्हणून सगळ्यात आधी मान टाकणारी वेल हीच. तरी सहसा मरत नाही. दोन्ही वेली काही प्रदेशांत तणासारख्या पसरल्या आहेत, तेव्हा मोकळ्या रानाजवळ लावू नका. मँडेव्हिलाची मुळंही पाणी साठवतात.

होयाचा मार्ग आणखी निराळा आहे. तिची पानं जाड, मेणचट. पानांची छिद्रं ती मुख्यतः रात्री उघडते आणि दिवसा मिटून घेते, त्यामुळे पाणी फारच कमी लागतं. पण थेट दुपारचं ऊन तिला चालत नाही. तापलेल्या, सावलीतल्या गॅलरीसाठी तिच्यासारखी वेल नाही.

गोकर्ण खोल मुळाची, शेंगवर्गातली, त्यामुळे नत्र स्वतः मिळवते. वाळली तरी बी सांडून ठेवते. मोगरा, जाई, जुई यांना ऊब हवीच. मोगरा तर उन्हातच बहरतो. पण त्यांना पाणी लागतं. कोरडं पडू दिलं तर कळ्या मुक्या राहतात. कृष्णकमळाची मुळं बरीचशी वरच्या थरात असतात, म्हणून त्याला आच्छादन चुकवून चालणार नाही.

पाणीच फार थोडं आहे. सगळ्या वेली वाचणार नाहीत. मग कोणती निवडावी?

या वर्षी किंवा गेल्या वर्षी जमिनीत लावलेली बहुवर्षायू वेल पहिली. तिची मुळं अजून खोल गेलेली नाहीत आणि ती गेली तर आधीची सगळी मेहनत वाया जाते. त्यानंतर मोठ्या कुंडीतल्या वेली. जमिनीतल्या दहा वर्षांच्या वेलीला दोन-तीन आठवड्यांनी एकदा खोल पाणी मिळालं तरी ती बहुधा निभावते. गणेशवेल, मॉर्निंग ग्लोरीसारख्या एका हंगामाच्या वेली सोडून द्या आणि बी गोळा करून ठेवा. थोडं पाणी सगळ्यांना सारखं वाटलं तर सगळ्याच जातात.

वापरलेल्या पाण्यापैकी भाज्या-फळं धुतलेलं पाणी उत्तम. एसीतून ठिबकणारं पाणी चांगलं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. आरओ यंत्राने बाहेर टाकलेल्या पाण्यात क्षार एकवटलेले असतात, ते सतत वापरू नका. जमिनीतल्या चिवट वेलींना, तेही साध्या पाण्याशी आलटून पालटून द्या. कपड्यांच्या साबणाच्या पाण्यात सोडियम असतं. त्याने माती घट्ट होते आणि मुळं गुदमरतात. शेवटी कपडे खळबळून काढलेलं पाणी निरुपायाने जमिनीतल्या वेलींना चालेल, कुंड्यांना नको.

आठ-दहा दिवस घर बंद राहणार आहे.

सगळ्या कुंड्या सावलीत, एकमेकींना चिकटवून ठेवा. कळ्या-फुलं खुडा, खोल पाणी द्या, आच्छादन जाड करा. प्रत्येक मोठ्या कुंडीत सुती दोरीचं एक टोक मुळांपर्यंत पुरा आणि दुसरं टोक बाजूच्या झाकलेल्या बादलीत सोडा. बादली कुंडीच्या मातीच्या पातळीपेक्षा जरा उंच हवी. दोरी आधी भिजवून घ्या. निघण्याआधी दोन-तीन दिवस ही सोय चालवून बघा, कारण दोरीची जाडी आणि मातीचा प्रकार यावर पाणी किती झिरपणार ते ठरतं. टायमर लावलेलं ठिबक असेल तर सगळ्यात उत्तम, पण तेही आधी चालवून पाहा.

कोणी शेजारी पाणी घालणार असतील, तर बोट घालून बघायला त्यांना नक्की शिकवून जा.

पाणी धरून ठेवणारं जेल, पानांवरचे फवारे, यांचा उपयोग होतो का?

जेल कुंडीत थोडं मदत करतं, पण क्षारयुक्त पाण्यात ते फारसं फुगत नाही. मुरलेलं कंपोस्ट मातीत मिसळणं त्याहून भरवशाचं.

पानांवर थर देऊन पाण्याची वाफ अडवणाऱ्या फवाऱ्यांबद्दल मी सावध राहायला सांगेन. वाफ होताना पान गार होतं. ती वाट बंद केली तर पाणी वाचतं, पण पान तापतं. केओलिनच्या पांढऱ्या मातीचा पातळ थर निराळ्या रीतीने काम करतो. तो ऊन परतवतो, म्हणून पान गार राहतं. फळबागांत तो वापरतात. वेल काही दिवस पांढुरकी दिसेल, तेवढं चालवून घ्या.

पानांवर बारीक पिवळे ठिपके आणि मागे जाळी दिसते आहे.

लाल कोळी, म्हणजे पानांचा रस शोषणारी अगदी बारीक कीड. कोरड्या, तापलेल्या हवेत त्यांची पिढी आठवड्याभरात तयार होते, म्हणून आज दोन पानांवर असलेले ठिपके पुढच्या पंधरवड्यात अख्ख्या वेलीवर दिसतात. सकाळी पानांच्या मागच्या बाजूवर पाण्याची जोरदार धार मारा, दोन-तीन दिवसांआड. बहुतेक वेळा एवढं पुरतं. निंबोळी तेल मारायचं तर ऊन उतरल्यावरच, आणि आधी दोन-चार पानांवर मारून बघा. गंधक कडक उन्हात मारू नका, पानं भाजतात. तहानलेल्या वेलीवर कोणतीही फवारणी नको. आधी पाणी, दुसऱ्या दिवशी औषध.

सगळी पानं गळली. वेल मेली का?

लगेच उपटू नका. शेंड्यापासून सुरुवात करून नखाने साल किंचित खरवडा. आत हिरवं आणि ओलसर दिसलं तर फांदी जिवंत आहे. तपकिरी, कोरडं दिसलं तर खाली सरकत या, अगदी जमिनीपर्यंत. खोड पूर्ण वाळलेलं असलं तरी मुळाजवळची माती हलक्या हाताने उकरून मूळ बघा. घट्ट, आतून पांढरट मूळ म्हणजे आशा आहे.

पानं नसलेल्या वेलीला पाणी कमी लागतं, हे विसरू नका. आच्छादन ठेवा, बुंध्यावर सावली ठेवा, माती जेमतेम ओलसर राहील इतकंच पाणी द्या. पाऊस सुरू होऊन महिना-दीड महिना होईपर्यंत वाट बघा. कलमी वेल असेल तर फुटवा कलमाच्या वरून आला आहे का ते पाहा. खालून आलेला फुटवा वेगळ्याच जातीचा निघेल.

नवी वेल आत्ता लावली तर?

शक्यतो लावू नका. रोपवाटिकेतलं रोप सावलीत आणि रोजच्या पाण्यावर वाढलेलं असतं. हातात आलंच असेल तर आहे त्याच पिशवीत, सकाळचं ऊन लागेल अशा सावलीत ठेवा. पिशवी फारच लहान असेल तर मुळांचा गोळा न फोडता एक आकार मोठ्या कुंडीत सरकवा. जमिनीत लावायची ती पावसाच्या सुरुवातीला, म्हणजे पुढच्या उन्हाळ्याआधी मुळांना खाली जायला कितीतरी महिने मिळतात.

पहिला पाऊस पडला. आता काय करायचं?

पहिल्या सरीने जमीन खोलवर भिजत नाही, त्यामुळे पाणी लगेच बंद करू नका. सळई दाबून बघा. शेडनेट ढगाळ दिवशी काढा. आठवड्याभराने फुटवे दिसू लागतील, तेव्हा कुठवर जिवंत आहे ते आपोआप कळतं. मेलेला भाग तेव्हा छाटा, जिवंत डोळ्याच्या (जिथून फुटवा येतो त्या जागेच्या) जरा वर. आच्छादन खोडापासून आणखी मागे सारा, नाहीतर पावसात बुंधा कुजेल. कुंड्यांखालच्या ताटल्या काढून टाका आणि तळाची भोकं मोकळी आहेत ना ते बघा, उन्हाळ्यात माती घट्ट बसून ती बुजलेली असतात. खत मात्र नवी पानं पूर्ण उघडल्यावरच द्या, आणि पहिल्यांदा नेहमीच्या निम्मंच.